दोनशेचं फायबर, बावीसची कॉपी: अडकलेला आकडा कसा वाचायचा

“दोनशेचे पैसे भरतंय आणि हय बावीसच दिसतत. बाकीचे खंय गेले?”

मालवण, कुडाळ, वेंगुर्ला या पट्ट्यात घरोघरी फायबर आल्यापासून ही तक्रार थांबलेली नाही. स्टुडिओवाले विचारतात, काजू कारखान्याच्या ऑफिसातले विचारतात, होमस्टेवाले विचारतात, ग्रामपंचायतीतला ऑपरेटरही विचारतो. प्रत्येक वेळी राउटर बंद-चालू केला जातो, कंपनीला फोन जातो, कोणीतरी येऊन वायर हलवून जातं आणि आठवड्याने तोच फोन पुन्हा येतो. कारण बघायला हवी ती गोष्ट कोणी बघितलेलीच नसते: फाइलची कॉपी नेमक्या कुठल्या आकड्यावर अडकली आहे.

वरच्या तक्रारीचं उत्तर आधी देऊन टाकतो. दोनशे मेगाबिटच्या कनेक्शनवर कॉपीच्या खिडकीत बावीस दिसत असेल तर काहीही बिघडलेलं नाही. पूर्ण दोनशे मिळताहेत. एक रुपयाही कुठे गेलेला नाही.

बावीस आले कुठून

कंपनी विकते ते मेगाबिट. कॉपीची खिडकी दाखवते ते मेगाबाइट. एका बाइटात आठ बिट, म्हणून २०० भागिले ८, म्हणजे २५. इथपर्यंत बहुतेकांना माहीत असतं आणि मग प्रश्न उरतो तो पंचविसातल्या उरलेल्या अडीच-तीनाचा.

फाइल तारेवरून अखंड जात नाही, पाकिटं करून जाते. १५०० बाइटच्या पाकिटात फाइलचा मजकूर जास्तीत जास्त १४६० बाइट, बाकीची जागा पत्त्यांना. त्या पाकिटाला इथरनेटचं स्वतःचं वेष्टन आणि दोन पाकिटांमधली सक्तीची मोकळी जागा धरली तर तारेवर १५३८ बाइटांचा वेळ जातो. म्हणजे कामाचा माल साधारण ९५ टक्के. पंचविसाचे झाले २३.७. पुढची खोच विंडोजची. विंडोज मेगाबाइट मोजतो तो १०,४८,५७६ बाइटांचा, दहा लाखांचा नव्हे. २३.७ म्हणजे २ कोटी ३७ लाख बाइट, त्यांना १०,४८,५७६ ने भागलं की उरतात २२.६. झाले बावीस.

(१ टेराबाइटची नवीन डिस्क लावली की विंडोज ९३१ जीबी दाखवतो, तेही याच हिशेबामुळे. त्यावरून दुकानदाराशी भांडलेली माणसं मला माहीत आहेत.)

रोजच्या कामाला एवढं गणित लागत नाही. मेगाबिटच्या आकड्याला सरळ ९ ने भागा. १०० चे ११, २०० चे २२, १००० चे १११. विंडोजच्या खिडकीत तेवढे दिसले तर जाळं ठणठणीत आहे. आठाने भागून निराश होण्यापेक्षा नवाने भागून खरं काय ते बघितलेलं बरं.

गोंधळात भर टाकायला टास्क मॅनेजर आहेच. त्याच खिडकीत डिस्कचा आलेख मेगाबाइटमध्ये असतो आणि त्याच्या शेजारचा इथरनेटचा मेगाबिटमध्ये. डिस्क २२ वर आणि नेट १९० वर बघून लोक म्हणतात की नेट जोरात आहे, डिस्क मागे पडतेय. दोन्ही आकडे एकाच प्रवाहाचे आहेत. एकक एक केल्याशिवाय तुलना करायची नाही, हा पहिला नियम.

प्रकाशाचा हिशेब बिटांत आणि जुन्या डिस्कचा बाइटांत का

हा भाग घाईत असाल तर सोडून द्या. पण ज्यांच्याकडे जुना सर्व्हर आहे, किंवा ज्यांच्या हातात ‘एसटीएम-१’ असं लिहिलेला जुना लीज लाइनचा कागद आहे, त्यांनी वाचावा.

ऑप्टिकल जाळ्यांचे जुने दर टेलिफोनमधून आले. एसटीएम हे त्यांतलंच एक प्रमाण; त्यात माल ठरावीक मापाच्या चौकटींत भरून जातो. आवाजाचा नमुना सेकंदाला ८००० वेळा घेतला जायचा, म्हणून एसटीएमची चौकटही सेकंदाला ८००० वेळा निघते. एसटीएम-१ ची चौकट ९ ओळी आणि २७० रकान्यांची, प्रत्येक घरात एक बाइट. २४३० बाइट, गुणिले ८ बिट, गुणिले ८००० असं केलं की १५५.५२ मेगाबिट येतात. अमेरिकी कागदपत्रांत यालाच ओसी-३ म्हणतात. त्या २७० रकान्यांतले १० देखरेखीचे. ग्राहकाच्या मालाला उरतात २६० रकाने, म्हणजे १४९.७६ मेगाबिट. त्याचे मेगाबाइट होतात १८.७२. लाइनवर एटीएम (माल छोट्या ठरावीक तुकड्यांत पाठवायची जुनी पद्धत, बँकेचं नव्हे) चालत असेल तर ५३ बाइटच्या प्रत्येक तुकड्यातले ५ बाइट पत्त्यात जातात आणि हा आकडा १७ च्या खाली येतो.

प्रकाश एका धाग्यातून एकामागून एक बिट पाठवतो, म्हणून बिटांत मोजणं साहजिक. जुन्या स्कझीचं, म्हणजे सर्व्हरला डिस्का जोडायच्या जुन्या पद्धतीचं, उलटं. अल्ट्रा-१६० स्कझीची चपटी केबल सोळा बिट शेजारी शेजारी, एका दमात पाठवते. म्हणजे प्रत्येक खेपेला २ बाइट. सेकंदाला ८ कोटी खेपा धरल्या की १६० मेगाबाइट. त्यांना बिटांत बोलायची गरजच नव्हती.

दोन्ही एका एककात आणले की गंमत दिसते. ८ ने भागून एसटीएम-१ होतो १९.४४ आणि साधी अल्ट्रा स्कझी २० ची. एसटीएम-४, म्हणजे ६२२.०८ मेगाबिट, होतो ७७.७६ आणि अल्ट्रा-२ वाइड ८० ची. एसटीएम-१६ होतो ३११ आणि अल्ट्रा-३२० अर्थातच ३२० ची. दोन वेगळ्या धंद्यांनी आपापल्या कारणांनी ठरवलेले आकडे, पण जोड्या अशा लागतात की तोंडपाठ करून ठेवाव्यात. आणि जीपॉन, म्हणजे घरोघरच्या फायबरची पद्धत? त्याची खाली येणारी बाजू २४८८.३२ मेगाबिटची, म्हणजे थेट एसटीएम-१६ चाच आकडा. वर जाणारी त्याच्या निम्मी, १२४४.१६. चौकटींचा वेगही तोच, सेकंदाला ८०००. फरक एवढाच की हा प्रवाह गल्लीतल्या स्प्लिटरवरची ३२ किंवा ६४ घरं वाटून घेतात.

आता सापळा. सगळीकडे ८ ने भागून चालत नाही. साटा (पीसीतल्या नंतरच्या डिस्कांची जोडणी) डिस्कवर १.५ गिगाबिट लिहिलेलं असतं आणि लोक ८ ने भागून १८७ काढतात. खरं उत्तर १५०. कारण तिथे प्रत्येक ८ बिटांसाठी तारेवर १० बिट जातात, म्हणून भागायचं १० ने. ३ गिगाबिटचे ३००, ६ गिगाबिटचे ६००. यूएसबी ३.० च्या ५ गिगाबिटलाही तोच न्याय, ५००. गिगाबिट इथरनेटच्या फायबरवरही १० बिटांचीच पद्धत आहे, पण तिथे तारेवरचा खरा वेग १.२५ गिगाबिट आणि नावात लिहिलेला १ गिगाबिट हा आधीच वजावट केलेला. म्हणून तिथे पुन्हा ८. यूएसबी २.० चे ४८० मेगाबिट ८ नेच भागायचे, ६० येतात, पण ते ६० प्रत्यक्षात बघायला मिळत नाहीत; तीस ते चाळीसच्या दरम्यान गाडी थांबते.

अडकलेला आकडा

कॉपी चालू करा. पहिलं अर्धं मिनिट बघूच नका. तेव्हा माल रॅममधून येत-जात असतो आणि आकडा उगाच फुगलेला असतो. पाच-दहा जीबीची एकच मोठी फाइल घ्या, लग्नाचा व्हिडिओ उत्तम. मग आकडा स्थिर झाला की लिहून ठेवा. वाटेत जी सगळ्यात अरुंद जागा असते ती आपला आकडा सोडून जाते, आणि बहुतेक जागांचे आकडे ठरलेले आहेत.

११ च्या आसपास, हलत नाही, स्पीड टेस्टही ९४ वर ठाम. कुठेतरी १०० मेगाबिटचा जोड आहे. कनेक्शन २०० चं असो वा ५०० चं, हा आकडा बदलत नाही, हीच त्याची खूण. या तक्रारीवर खाली सविस्तर लिहितो, कारण आपल्याकडे ती सगळ्यात जास्त येते आणि सगळ्यात जास्त चुकीची हाताळली जाते.

१ च्या आसपास. जुना यूएसबी १.१ चा जोड. १२ मेगाबिट, कागदावर दीड मेगाबाइट. जुन्या हबमध्ये डिस्क लावली असेल तर हब काढा.

३० ते ३५. यूएसबी २.० चं पोर्ट. डिस्क निळ्या पोर्टात लावून बघा. आयडीई (जुन्या पीसीतल्या डिस्कची चपट्या केबलची जोडणी) डिस्क यूएसबीला लावायचा जुना कन्व्हर्टरच २.० चा असेल तर पोर्ट बदलून काही होणार नाही.

११० च्या वर. गिगाबिट जाळं पूर्ण भरलं आहे. याहून जास्त हवं असेल तर खर्च करावा लागेल. बिघाड शोधत बसू नका.

अडीचच्या आसपास, पण फक्त बाहेरगावच्या सर्व्हरला; घरातल्या घरात तेच मशीन व्यवस्थित. हा आकडा लोकांना चक्रावतो. जुनी मशीन, एक्सपीच्या काळातली किंवा जुनी नॅस पेटी (जाळ्यावर ठेवलेली डिस्कांची पेटी), पोच येण्याआधी ६४ केबीच माल रस्त्यावर सोडतात. समोरचा सर्व्हर २५ मिलिसेकंदांवर असेल तर सेकंदाला अशा ४० खेपा होतात. ६४ गुणिले ४०, अडीच मेगाबाइट. फायबर कितीही जाड घ्या, खेपा वाढणार नाहीत. पिंग करून मिलिसेकंद बघा, ६४ केबीला त्याने भागा. उत्तर जुळलं तर दोषी सापडला. उपाय म्हणजे एकाच वेळी चार-पाच फाइली सोडणं, नाहीतर माल आधी नव्या मशीनवर घेऊन तिथून पाठवणं. मी दुसराच उपाय सुचवतो, कारण एक्सपीचं मशीन इंटरनेटला लावूच नये.

आकडा स्थिरच होत नसेल, कधी ४ कधी ६० असा उड्या मारत असेल, तर आधी वाय-फाय बंद करून केबल लावा. जांभ्याच्या दीड फुटी भिंतीआड ठेवलेल्या लॅपटॉपवरून फायबरचं मोजमाप करण्यात अर्थ नाही.

अकराचा आकडा आणि खारा वारा

१०० मेगाबिटला केबलमधल्या चारपैकी दोनच जोड्या लागतात: पिन १-२ आणि ३-६. गिगाबिटला चारही लागतात. आता निळी जोडी, म्हणजे पिन ४-५, किंवा तपकिरी, म्हणजे ७-८, यातली एक जरी गेली तरी नेट बंद पडत नाही. दोन्ही टोकांची यंत्रं आपसात ठरवून गिगाबिट सोडतात आणि शंभरावर येतात. दिवा हिरवा, पेज उघडतंय, व्हॉट्सअ‍ॅप चालतंय. फक्त स्पीड टेस्ट ९४ आणि कॉपी ११. नेट बंद पडलं असतं तर परवडलं असतं, निदान कोणी बघितलं तरी असतं.

खाडीकाठी किंवा किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर घर असेल तर प्लग काढा आणि मोबाइलच्या टॉर्चखाली धरा. आठ पिना पिवळ्या, चमकदार दिसायला हव्यात. खाऱ्या हवेत एखादा पावसाळा गेला की स्वस्तातल्या प्लगवर एक-दोन पिनांच्या टोकाशी हिरवट पापुद्रा दिसतो, कधी काळपट ठिपका. सोन्याचा मुलामा इतका पातळ असतो की प्लग चार वेळा आत-बाहेर केला की तो घासून जातो आणि खालचं तांबं उघडं पडतं. वास घ्यायची गरज नाही, बोट फिरवलं तरी पोर्टाच्या कडेला ओलसर खारटपणा लागतो.

पॉलिश पेपरने घासू नका. उरलासुरला मुलामा जातो आणि पुढच्या श्रावणात पुन्हा तेच. आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा कॉन्टॅक्ट क्लीनर कापडाला लावून पुसा, वाळू द्या, मग लावून बघा. गिगाबिट परत आलं तरी तो प्लग कापून नवा बसवा. एकदा हिरवा झालेला प्लग टिकत नाही. दोन इंच केबल मागे कापा आणि त्याच वेळी एका तारेला ब्लेडने ओरखडा काढा. आत लाल तांबं दिसलं तर ठीक. आत चांदीसारखं पांढरं निघालं तर ती वरून तांबं चढवलेली अ‍ॅल्युमिनियमची केबल आहे. किनाऱ्यावर ती आतून पांढरी भुकटी होत जाते आणि तिला कितीही नवे प्लग लावा, फरक तात्पुरता. फेकून द्या. संपूर्ण तांब्याची केबल महाग पडते, पण देवगडातल्या पत्र्याच्या पडवीतून नेलेली असली केबल मी वर्षानुवर्षं चालताना बघतो आणि शेजारची स्वस्तातली दर पावसाळ्यानंतर बदलताना बघतो.

केबल बाहेरून खिडकीत येत असेल तर आत शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्या, म्हणजे पाणी झोळाच्या टोकाशी गळून जाईल. नाहीतर ते केबलच्या अंगाने चालत थेट पोर्टात जातं.

प्लग स्वच्छ, केबल तांब्याची, तरीही ११? मग दोन जागा बघा. पहिली, फायबर जिथे येतं ती पेटी, ओएनटी. कित्येक पेट्यांमध्ये चार लॅन पोर्टांपैकी एकच गिगाबिटचं असतं, बाकी तीन शंभराची. कोणीतरी झाडू मारताना वायर काढून दुसऱ्या भोकात लावलेली असते. दुसरी, वाटेतला जुना स्विच. सीसीटीव्हीचा डीव्हीआर बसवणाऱ्याने सोबत दिलेला छोटा पाच पोर्टांचा स्विच हटकून शंभराचा निघतो आणि पुढे सगळं ऑफिस त्याच्यावरच लटकलेलं असतं. विंडोजमध्ये नेटवर्क कार्डाच्या स्टेटसवर जोडणीचा वेग १.० गिगाबिट की १०० मेगाबिट हे लिहिलेलं असतं. वाटेतल्या प्रत्येक टप्प्यावर लॅपटॉप लावून ते वाचत या, जिथे १.० चं १०० झालं, तिथे थांबा.

जुन्या डिस्कवरून फायबरवर

स्टुडिओवाल्यांचा प्रश्न वेगळा असतो. कपाटात आयडीई डिस्कांचा ढीग, त्यात पंधरा-वीस वर्षांची लग्नं, आणि ते सगळं आता क्लाउडवर चढवायचं. ‘किती वेळ लागेल’ याचं उत्तर देण्याआधी दोन गोष्टी वेगवेगळ्या मोजायच्या: डिस्क एकटी किती देते आणि लाइन वरच्या दिशेने किती घेते. वरच्या दिशेने, हे विसरू नका. प्लॅनवर छापलेला आकडा बऱ्याचदा डाउनलोडचा असतो.

समजा ४०० जीबी माल आहे. यूएसबी २.० च्या कन्व्हर्टरमधून डिस्क ३० ने वाचली तर पावणेचार तासांत उतरते. अपलोड ५० मेगाबिटचं असेल तर तोच माल चढायला एकोणीस तासांच्या जवळपास लागतील. इथे डिस्क रडत नाही, लाइन रडतेय. नवा कन्व्हर्टर घेऊन पैसे वाया घालवू नका. उलट अपलोड ३०० मेगाबिटचं असेल तर लाइन ३५ च्या आसपास मागेल आणि डिस्क ३० देईल. तेव्हा कन्व्हर्टर बदलण्यात अर्थ आहे.

पण हे मोठ्या फाइलींचं. अल्बमची छोटी चित्रं, थंबनेल, प्रोजेक्टच्या बारीक फाइली असल्या की सगळं गणित कोसळतं. मिनिटाला ७२०० फेऱ्यांच्या डिस्कचं पातं अर्धा फेरा फिरायलाच ४ मिलिसेकंद घेतं, वर डोकं सरकायला आठ-नऊ. म्हणजे सेकंदाला जेमतेम ७५-८० ठिकाणी जाऊन येणं होतं. प्रत्येक ठिकाणी ४ केबी उचलले तर सेकंदाला ०.३ मेगाबाइट. आकडा एवढा खाली गेला की सगळे फायबरला शिव्या घालतात. असे फोल्डर आधी झिप करा, दाबायच्या फंदात न पडता नुसतेच एकत्र बांधा, आणि मग ती एक मोठी फाइल चढवा.

कॉपी ५५ ने सुरू होऊन शेवटी २८-३० वर येते, ही तक्रारही ऐकू येते. पात्याच्या बाहेरच्या कडेला परीघ मोठा, म्हणून एका फेऱ्यात जास्त माल. आतल्या कडेला कमी. भरत आलेली डिस्क शेवटाला निम्म्यावर येणं हा तिचा स्वभाव आहे.

खरा बिघाड ओळखायचा तो ३-४ मेगाबाइटवर चिकटलेल्या आयडीई डिस्कचा, जी थेट जुन्या मशीनच्या आत बसली आहे. काजू कारखान्यातलं बिलिंगचं एक्सपी मशीन डोळ्यांसमोर आणा. चॅनलवर वाचनाच्या सहा चुका जमल्या की एक्सपी त्या डिस्कला डीएमएवरून (माल थेट मेमरीत जायची पद्धत) काढून पीआयओवर टाकतो. मग प्रत्येक बाइट प्रोसेसरच्या हातून जातो, वेग कोसळतो आणि माउससुद्धा अडखळतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये आयडीई चॅनलच्या प्रॉपर्टीजमध्ये सध्याचा मोड दिसतो. पीआयओ दिसलं तर तो चॅनल अनइन्स्टॉल करून मशीन पुन्हा चालू करा, विंडोज त्याला नव्याने ओळखून डीएमए देतो. त्याच वेळी आतली चपटी केबल बघा. ४० तारांची जाड पट्टी असेल तर ती ३३ च्या वर जाऊच देत नाही. ६६, १०० आणि १३३ साठी ८० तारांची बारीक रेघांची पट्टी लागते, आणि तिचं निळं टोक मदरबोर्डकडे.

पुन्हा चार दिवसांत पीआयओ झालं, तर स्मार्टचे आकडे (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) वाचणारा एखादा प्रोग्रॅम लावा. क्रमांक १९९ वाढतोय आणि बाकी शांत, म्हणजे केबल किंवा तिचा जोड. इथेही खारी हवा आलीच. ५ आणि १९७ वाढताहेत, तर पात्याचा पृष्ठभाग चाललाय. मग वेगाची चौकशी तिथेच बंद. डीफ्रॅग नाही, स्कॅनडिस्क नाही, बंद-चालू करून बघणं तर मुळीच नाही. ज्या लग्नांची दुसरी प्रत कुठेही नाही ती आधी उतरवा, तीनच्या वेगाने तर तीनच्या वेगाने.

अल्ट्रा-१६० असून अकराच?

जिल्ह्याच्या ठिकाणी संस्थांच्या कपाटांत अजून काही जुने सर्व्हर श्वास घेताहेत. अशाच एकाचं स्थलांतर ठरवताना कागदावर लिहिलं होतं: अल्ट्रा-१६०, म्हणून १६० मेगाबाइट, म्हणून तासाभरात काम होईल. स्कझीचे १६० हे सगळ्या डिस्कांनी मिळून वापरायच्या वाटेचे आहेत. त्या काळातली एक डिस्क चाळीस-पन्नास देते. पाच डिस्का मिळून ती वाट भरू शकतात, पण पुढे मदरबोर्डवर साधी ३२ बिटांची पीसीआय पट्टी (सगळ्या कार्डांची सामायिक वाट) आहे १३३ ची, आणि नेटवर्क कार्डही त्याच पट्टीवर. प्रत्येक बाइट डिस्ककडून मेमरीत आणि मेमरीतून कार्डाकडे असा दोनदा तिथूनच जातो. म्हणजे कागदावर ६६, हातात त्याहून कमी. आणि कार्ड? शंभर मेगाबिटचं. अकरा.

७३ जीबीच्या पाच डिस्का, रेड-५ मध्ये (एका डिस्कएवढी जागा सुरक्षेसाठी जाते), म्हणजे चारांचा माल: २९० जीबीच्या वर. अकराच्या हिशेबाने सात तासांच्या वर. गिगाबिटचं कार्ड घातलं की पीसीआयच्या मर्यादेत राहूनही तोच माल दोन-अडीच तासांवर येतो, आणि असं कार्ड जुन्या बाजारात किरकोळीत मिळतं. स्कझीचा कंट्रोलर बदलायचा विचार मात्र कोणी करू नये. तिथे अडचणच नव्हती.

जाळं आणि डिस्क वेगळी मोजायला आयपर्फ ३ हा जाळ्याचा वेग मोजणारा प्रोग्रॅम दोन्ही टोकांना चालवा. तो डिस्कला हातच लावत नाही, मेमरीतून मेमरीत पाठवतो. आयपर्फ ९४० मेगाबिट सांगतोय आणि कॉपी १२ वर आहे, तर जाळ्याकडे पुन्हा बघू नका.

फायबर खरंच दोषी असेल तेव्हा

प्रकाश कमी झाला म्हणून वेग निम्मा होत नाही. ओएनटीला साधारण उणे २७ डीबीएमपर्यंतचा प्रकाश वाचता येतो (डीबीएम हे प्रकाशाच्या जोराचं माप; उण्याचा आकडा मोठा, तितका प्रकाश कमी). त्याच्या आत सगळं ठीक, त्याच्या पलीकडे लाल एलओएस दिवा, म्हणजे सिग्नलच नाही. मधल्या काठावर मात्र कनेक्शन तुटतं-जुळतं, पिंग मधूनच हरवतो, पाऊस लागला की वाढतं. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळाने किनारपट्टीवर विजेचे खांब पाडले, त्यांच्यावरून गेलेल्या फायबरला तेव्हापासून ठिकठिकाणी सांधे आहेत. नीट वितळवून केलेला सांधा ०.१ डीबीच्या आत खातो. घाईत टेपने गुंडाळलेल्या पेटीत पाणी शिरलं की कितीही खाऊ शकतो. म्हणून ठाम ९४ किंवा ठाम ११ हा फायबरचा दोष नसतो, आणि उड्या मारणारा, पावसात वाढणारा आकडा असू शकतो.

ओएनटीच्या पानावर येणारा प्रकाश डीबीएममध्ये लिहिलेला असतो. उणे १८, उणे २२ असं काही दिसलं तर निर्धास्त. उणे २६ च्या पुढे असेल तर तक्रार नोंदवा, पण ‘नेट स्लो आहे’ असं सांगू नका. त्यावर राउटर बंद-चालू करायला सांगतील आणि तक्रार मिटवतील. सांगा: ओएनटीवर उणे २६.५ डीबीएम येतोय, काल दुपारी कोरड्यात उणे २३ होता, केबल थेट लावून स्पीड टेस्ट अमुक, पिंगमध्ये शंभरातले इतके हरवले. असा आकडा दिला की फोनवरचा माणूस तक्रार लाइनमनकडे पाठवतो, आणि लाइनमन येताना लॅपटॉपऐवजी पॉवर मीटर आणि सांधायचं यंत्र घेऊन येतो.